घरी जुळवलेल्या परिवर्ती वीजपुरवठा संचातील दोषांचा शोध : इंदूरच्या परिस्थितीच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

इंदूर शहरात विज्ञान व तंत्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. होळकर महाविद्यालयाची स्थापना १८९१ मध्ये, श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान व विज्ञान संस्थेची १९५२ मध्ये आणि आज देवी अहिल्या विश्वविद्यालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाची १९६४ मध्ये झाली. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी १९८४ मध्ये येथेच झाली. या केंद्रातील इंडस-१ व इंडस-२ या सिंक्रोट्रॉन यंत्रांच्या विद्युतचुंबकांना अतिशय स्थिर प्रवाह पुरवावा लागतो. यंत्र एवढे मोठे असो वा विद्यार्थ्याच्या टेबलावरचे छोटे मंडल असो, गरज एकच असते : बाहेरचा पुरवठा आणि भार बदलला तरी हवा तेवढाच विद्युतदाब किंवा प्रवाह मिळत राहावा.

इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा विद्यार्थी जी उपकरणे स्वतः जुळवतो, त्यांत बहुधा पहिला क्रमांक परिवर्ती वीजपुरवठा संचाचा असतो. महाराणी रोडवरील दुकानांतून ट्रान्सफॉर्मर, डायोड, कपॅसिटर आणि एक रेग्युलेटर आयसी आणला की काही तासांत संच उभा राहतो. तयार संच विकत घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हाच प्रयोगशाळेचा पाया ठरतो. काही महिने तो नीट चालतो आणि एक दिवस बिघडतो. अशा वेळी सर्वसाधारणपणे आयसी बदलला जातो. नवा आयसीही जळतो. तिसरा आणला जातो. अखेरीस संच माळ्यावर जातो आणि शिक्षणाचे एक साधन हातचे सुटते.

याहून गंभीर हानी दुसरीच असते. संचातील रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला तर ५ व्होल्टवर चालणाऱ्या मंडलाला एकदम ३२ व्होल्ट मिळतात. ७४ मालिकेतील टीटीएल आयसींची कमाल सहनशक्ती ७ व्होल्ट असते. म्हणजे थोड्या पैशांच्या एका भागामुळे विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रकल्प एका क्षणात नष्ट होऊ शकतो. म्हणून जळलेला भाग बदलण्यापूर्वी तो का जळला हे शोधणे आवश्यक आहे. हा शोध मोजमापाच्या ठरावीक क्रमाने कसा घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. संचाची रचना

विवेचनासाठी सर्वांत प्रचलित मंडल घेतले आहे. त्यात एलएम ३१७ हा तीन पायांचा रेग्युलेटर वापरतात. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीत रॉबर्ट डॉबकिन यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात विकसित झालेला हा आयसी आजही सहज मिळतो.

मेन्सचे २३० व्होल्ट फ्यूज व स्विचमधून ट्रान्सफॉर्मरला मिळतात. ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्ट, २ अँपिअरचा आहे. त्याच्या दुय्यम वेटोळ्यातून येणारा प्रत्यावर्ती दाब चार डायोडांच्या ब्रिजमध्ये एकदिश होतो आणि ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर साठतो. तेथून तो आयसीच्या इनपुट पायाला जातो. आउटपुट व ॲडजस्ट या पायांच्या मध्ये २४० ओहमचा रोध असतो. ॲडजस्ट पाय आणि ऋण तार यांच्या मध्ये ५ किलोओहमचा परिवर्ती रोध, म्हणजे बोलीभाषेतील पॉट, असतो.

आयसीचे कार्य एका वाक्यात सांगता येते : आउटपुट व ॲडजस्ट या पायांमधील दाब तो नेहमी १.२५ व्होल्ट ठेवण्याचा प्रयत्न करतो. त्यामुळे २४० ओहमच्या रोधातून सुमारे ५.२ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तोच पुढे पॉटमधून जातो आणि पॉट जितका वाढवावा तितका आउटपुट वाढतो. पॉट शून्यावर असता आउटपुट १.२५ व्होल्ट, तर पूर्ण ५ किलोओहमवर सुमारे २७.५ व्होल्ट मिळतो. १.२५ हा आकडा लक्षात ठेवला तर पुढील बरीचशी तपासणी सोपी होते.

३. तपासणीपूर्वीची दक्षता

पेटी उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण जोडणी उलटी झाली असल्यास स्विच न्यूट्रल तारेवर येतो आणि आतील फेज तार जिवंत राहते. धातूच्या पेटीला अर्थिंगची तार जोडलेली आहे की नाही, हे प्लगच्या मोठ्या पिनेपासून पेटीपर्यंत मल्टिमीटरने पाहावे. रोध जवळजवळ शून्य असला पाहिजे.

मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला असतो. त्याच्या टोकांना पेचकस लावून ठिणगी पाडण्याची सवय वाईट आहे. ४७० ओहम, ५ वॅटचा रोध दहा-पंधरा सेकंद धरला की तो रिता होतो. त्यानंतर मीटरने खात्री करावी.

पहिल्यांदा वीज देताना संच सिरीज बोर्डवर लावावा. फेज तारेत ६० वॅटचा तंतूचा बल्ब एकसरीत जोडला की हा बोर्ड तयार होतो. एलईडी किंवा सीएफएल दिवा यासाठी चालत नाही. संच निर्दोष असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब क्षणभर उजळतो आणि मग मंदावतो. तो तेजस्वीपणे जळत राहिला तर आत कोठे तरी शॉर्ट आहे असे समजावे. या साध्या साधनामुळे दोष असलेल्या संचातून मोठा प्रवाह वाहत नाही आणि शाबूत भाग वाचतात. फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार घालणे सर्वथा टाळावे. या संचाला मेन्सच्या बाजूस अर्ध्या अँपिअरचा फ्यूज पुरतो.

४. पहिला टप्पा : मेन्सपासून कपॅसिटरपर्यंत

तपासणी उगमापासून सुरू करून आउटपुटकडे यावे. आयसीचा इनपुट पाय सुटा करून ठेवल्यास पूर्वार्धाचे दोष उत्तरार्धाच्या दोषांत मिसळत नाहीत.

प्रथम ट्रान्सफॉर्मर. दुय्यम वेटोळ्यावर भार नसताना २४ ते २७ व्होल्टच्या आसपास प्रत्यावर्ती दाब मिळावा. काहीच मिळत नसेल तर फ्यूज, स्विच आणि प्राथमिक वेटोळे यांचा क्रमाने रोध मोजावा. ब्रिज सुटा केल्यावरही सिरीज बल्ब तेजस्वी राहत असेल तर दोष ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतच आहे.

नंतर ब्रिज. चांगला डायोड मीटरच्या डायोड चाचणीत एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो आणि उलट दिशेने काहीच दाखवत नाही. दोन्ही दिशांनी शून्याजवळ आकडा आला तर तो शॉर्ट आहे. येथे एक चूक वारंवार होते. ट्रान्सफॉर्मर जोडलेला असताना मोजले तर एक डायोड शॉर्ट असूनही दोन दिसतात, कारण वेटोळ्याचा अल्प रोध दोन डायोडांना समांतर आणतो. यासाठी दुय्यम वेटोळ्याची एक तार आधी सोडवावी.

एखादा डायोड शॉर्ट न होता उघडा पडला तर लक्षणे फसवी असतात. भार नसताना कपॅसिटरवर पूर्ण दाब दिसतो. मात्र भार लावताच आउटपुट कोसळतो. यामागील हिशोब असा : पूर्ण ब्रिजमध्ये कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरला जातो. १ अँपिअर भाराला ४७०० मायक्रोफॅरडवर दाबाचा चढउतार सुमारे २.१ व्होल्ट येतो. एक डायोड उघडा पडल्यास भरणे ५० वेळाच होते आणि चढउतार ४ व्होल्टच्या वर जातो. आयसीला स्वतःच्या कामासाठी इनपुट व आउटपुट यांच्यात सुमारे २ व्होल्टचे अंतर लागते. ते उरत नाही, म्हणून वरच्या दाबांना नियंत्रण सुटते. कोरड्या पडलेल्या जुन्या कपॅसिटरचीही हीच लक्षणे असतात. त्याचे डोके फुगलेले किंवा बुडाशी ओल दिसली तर तो बदलावाच.

हा चढउतार मीटरच्या प्रत्यावर्ती दाबाच्या पट्टीवर अंदाजाने मोजता येतो. २.१ व्होल्टच्या चढउताराला सुमारे ०.६ व्होल्टचा आकडा येतो. काही स्वस्त मीटर या पट्टीवर एकदिश दाबही मोजतात आणि अवास्तव आकडा देतात. त्यासाठी आधी तीच पट्टी साध्या सेलला लावून पाहावी. आकडा आला तर मीटरच्या तारेत १ मायक्रोफॅरडचा ध्रुवरहित कपॅसिटर जोडावा.

५. दुसरा टप्पा : रेग्युलेटर

कपॅसिटरवर ३२ ते ३६ व्होल्ट स्थिर मिळत असतील तर पूर्वार्ध निर्दोष आहे. आता इनपुट पाय पुन्हा जोडावा. आउटपुटला कोणतेही मंडल जोडू नये. पॉट मध्यावर ठेवावा आणि आउटपुट व ॲडजस्ट या पायांमधील दाब मोजावा. या एका मोजमापातून पुढील निष्कर्ष निघतात.

आकडा १.२५ च्या जवळ असून पॉट फिरवला तरी तो तेवढाच राहतो आणि आउटपुट मात्र बदलतो : आयसी उत्तम काम करीत आहे. तक्रार असल्यास तिचे कारण अन्यत्र शोधावे.

आकडा जवळजवळ शून्य आणि आउटपुट कमाल : पॉटचा मार्ग तुटला आहे. ॲडजस्ट पायाला जमिनीचा आधार उरला नाही, म्हणून आयसी आउटपुट वर ढकलत राहतो. आयसी शाबूत आहे. या प्रसंगी आयसी बदलणे व्यर्थ आहे.

आकडा १.२५ पेक्षा जास्त आणि पॉटबरोबर बदलणारा, आउटपुट कमाल : इनपुट व आउटपुट यांच्यामध्ये शॉर्ट आहे. ३२ व्होल्ट आउटपुट असता पॉट मध्यावर हा आकडा सुमारे २.८ व्होल्ट येतो. अशा संचात पॉट शून्यावर नेऊ नये. तसे केल्यास सगळे ३२ व्होल्ट २४० ओहमच्या रोधावर येतात आणि पाव वॅटच्या रोधात ४ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. मंडलात हा रोध काळवंडलेला आढळला तर असे कधी तरी घडले असावे, असे अनुमान काढता येते.

भार लावला असता आउटपुट दीड व्होल्टच्या आत अडकलेला आणि पॉटचा परिणाम नगण्य : २४० ओहमचा रोध उघडा पडला आहे.

आयसी शॉर्ट ठरवण्यापूर्वी एक पायरी शिल्लक राहते. बहुतेक मंडलांत आउटपुटपासून इनपुटकडे एक संरक्षक डायोड जोडलेला असतो. तो शॉर्ट झाला तरी लक्षणे अगदी तीच असतात. त्याचा एक पाय सोडवून मोजमाप पुन्हा करावे. त्याचप्रमाणे आउटपुट शून्य आढळल्यास आउटपुटवर उलटा जोडलेला डायोड आणि हीट सिंकची अभ्रकाची चकती तपासावी. एलएम ३१७ चा धातूचा पत्रा आउटपुटशी जोडलेला असतो. चकती फाटली आणि पेटी ऋण तारेशी जोडलेली असली की आउटपुट जमिनीशी शॉर्ट होतो.

पॉटविषयी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. वापराने त्याचा सरकता संपर्क झिजतो आणि फिरवताना क्षणभर सुटतो. त्या क्षणी आउटपुट कमाल पातळीकडे उसळी घेतो. मीटरला ही उसळी दिसतही नाही, पण जोडलेले मंडल जळते. यावर बिनखर्चाचा उपाय म्हणजे पॉटचे रिकामे टोक मधल्या टोकाला जोडणे. संपर्क सुटला तरी मार्ग तुटत नाही. फक्त पूर्ण ५ किलोओहम मध्ये येतात. तरीही आउटपुट त्या क्षणी वाढतोच. म्हणून खरखर करणारा पॉट बदलणे हेच श्रेयस्कर.

६. दोष नसलेले दोष

काही तक्रारींत संच बिघडलेला नसतोच. ५ व्होल्टला १ अँपिअर मिळत नाही ही त्यांपैकी नेहमीची तक्रार. १.५ अँपिअरचा आयसी असल्यामुळे तेवढा प्रवाह कोणत्याही दाबाला मिळेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात आयसीवर उरणारा दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार उष्णतेत जातो. इनपुट ३१ व आउटपुट ५ व्होल्ट असता १ अँपिअरला २६ वॅट उष्णता होते. आयसी आतूनच प्रवाह कमी करतो. इनपुट-आउटपुट अंतर १५ व्होल्टच्या वर गेले की प्रवाहाची मर्यादा उतरू लागते आणि ४० व्होल्टजवळ ती अर्ध्या अँपिअरच्याही खाली येते.

यात हवामानाचा वाटा मोठा आहे. माळव्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. आयसीच्या गाभ्यापासून हवेपर्यंतचा एकूण औष्णिक रोध, मध्यम हीट सिंक व अभ्रक धरून, दर वॅटला ९ अंश मानू. गाभ्याचे तापमान १२५ अंशांवर जाऊ द्यायचे नसेल तर २० अंशांच्या हिवाळी खोलीत ११.७ वॅट चालतात, पण ४२ अंशांत ९.२ वॅटच. बंद पेटीत हवा ५० अंशांवर गेली तर ८.३ वॅट उरतात. जानेवारीत बिनतक्रार चालणारा संच मे महिन्यात वारंवार बंद पडतो, त्याचे कारण हे आहे. पेटीला वर-खाली छिद्रे, मोठा हीट सिंक आणि कमी दाबाच्या कामासाठी ट्रान्सफॉर्मरचे मधले टॅप हे त्यावरचे उपाय होत.

दुसरी तक्रार भार नसताना आउटपुट आपोआप वर सरकण्याची. काही एलएम ३१७ आयसींना नियंत्रणासाठी १० मिलिअँपिअरपर्यंत किमान भार लागतो. २४० ओहमचा रोध ५ मिलिअँपिअरच देतो. त्याऐवजी १२० ओहमचा रोध आणि २.५ किलोओहमचा पॉट वापरला की तक्रार मिटते.

७. आयसी का जळला?

दोषी भाग सापडला तरी काम अर्धेच होते. पुढील तीन कारणे तपासल्याशिवाय नवा आयसी लावू नये.

पहिले कारण मेन्सचा चढा दाब. एलएम ३१७ च्या इनपुट व आउटपुट यांच्यातील अंतर ४० व्होल्टहून अधिक असता कामा नये. २४ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर भार नसताना सुमारे १० टक्के अधिक दाब देतो. रात्री शहरातील भार उतरल्यावर मेन्स २५३ व्होल्टपर्यंत चढला असे धरले तर दुय्यम दाब २९ व्होल्ट होतो, त्याचे शिखर ४१ व्होल्टवर जाते आणि डायोड वजा जाता कपॅसिटरवर ३९.७ व्होल्ट येतात. अशा वेळी आउटपुट शॉर्ट झाला तर आयसी आपल्या मर्यादेच्या काठावर उभा असतो. ३५ व्होल्टचा कपॅसिटर तर मर्यादा ओलांडूनच गेलेला असतो. येथे ५० किंवा ६३ व्होल्टचाच कपॅसिटर हवा. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतल्यास याच परिस्थितीत सुमारे २९ व्होल्ट येतात आणि आयसी निर्धास्त राहतो. कमाल आउटपुट २० व्होल्टच्या आसपास येतो, पण विद्यार्थ्याच्या बहुतेक कामांना तेवढा पुरेसा असतो.

दुसरे कारण वीज जाणे. संचावर बॅटरी भारित करण्याची प्रथा आहे. वीज गेली की इनपुट उतरतो, बॅटरी मात्र तशीच राहते आणि प्रवाह आयसीतून उलटा वाहतो. मध्य प्रदेशात २००३ च्या विधानसभा निवडणुकीत वीज हा प्रमुख प्रश्न होता. त्या काळी दिवसातून अनेकदा वीज जात असे आणि हा अपघात त्याच संख्येने संभवत असे. भारनियमन पूर्वीसारखे राहिले नसले तरी कारण संपलेले नाही, कारण एकदा वीज जाणेही पुरेसे असते. आउटपुटपासून इनपुटकडे जोडलेला एक १एन ४००७ डायोड हा धोका टाळतो.

तिसरे कारण उष्णतेचा खराब संपर्क. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना पातळ पेस्ट आणि घट्ट स्क्रू नसेल तर हीट सिंक थंड राहतो व आयसी आत भाजतो. थंड हीट सिंक आणि चटका देणारा आयसी ही त्याची खूण आहे.

८. दुरुस्तीनंतरची चाचणी

नवा आयसी लावल्यावर संच पुन्हा सिरीज बोर्डवर घ्यावा. आउटपुट १.२५ ते कमाल सलग बदलतो हे पाहून मगच तो थेट मेन्सला जोडावा. भार म्हणून मोटारीचे बल्ब सोयीचे असतात. १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.४२ अँपिअर घेतो आणि आयसीवर ९ वॅटच्या आत उष्णता येते. हा भार अर्धा तास ठेवावा. आउटपुट एक-दोन दशांशाहून अधिक घसरला नाही आणि हीट सिंक सर्वत्र सारखा तापला तर दुरुस्ती पक्की समजावी. शेवटी पॉट सावकाश फिरवताना बल्बचा उजेड लुकलुकतो का ते पाहावे. लुकलुकला तर पॉट अजून दोषी आहे. ही परीक्षा होईपर्यंत कोणतेही मौल्यवान मंडल संचाला जोडू नये.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, या संचातील जळलेला आयसी हा पुष्कळदा परिणाम असतो. चढा मेन्स, उलटा प्रवाह, उन्हाळ्याची उष्णता किंवा झिजलेला पॉट ही मूळ कारणे असतात आणि ती आयसीबरोबर बदलली जात नाहीत. उगमापासून आउटपुटकडे जाणारा क्रम, आउटपुट व ॲडजस्ट यांमधील १.२५ व्होल्टचे एक मोजमाप आणि सिरीज बल्ब एवढ्या साधनांनी बहुतेक दोष निश्चित करता येतात. यासाठी ऑसिलोस्कोपची गरज नाही. साधा मल्टिमीटर पुरतो.

शाळा व तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत नवा संच जुळवण्याचा प्रयोग बहुधा असतो. बिघडलेला संच मुद्दाम देऊन त्यातील दोष शोधण्याचा प्रयोगही अभ्यासक्रमात असावा. एखादा डायोड उघडा ठेवून किंवा पॉटची एक तार सोडून शिक्षकांना तो अल्प खर्चात तयार करता येईल. त्यातून विद्यार्थी भाग बदलण्यापूर्वी मोजण्याची सवय लावून घेईल आणि पुढे कोणत्याही यंत्राच्या दुरुस्तीत तीच त्याच्या कामी येईल.